पाहुणे येऊन राह्यले

…अन् वरून मलेच विचारते, "किसनराव, तुमच्याकडं पाहण्यासारखं असं आहे तरी काय?" आता सांगा! तीन दिवस या माणसाले घेऊन अख्खा वर्धा जिल्हा पालथा घातला, माह्या चपलेचा अंगठा तुटला, अन् हा पोह्यातले शेंगदाणे बाजूले सारत विचारून राह्यला, पाहण्यासारखं काय आहे! बरं, बोलताबी येत नाई. काऊन? तं हा माणूस माहा इवाई. आमच्या नलूचे सासरे, वासुदेवराव, पुणेवाले. पोर त्याइच्या घरात नांदून राह्यली न भाऊ! गप बसा लागते.

तुमाले सांगतो, काय नाई दाखवलं? सेवाग्रामले नेलं. बापूकुटी पाहून म्हणे, "मातीचीच आहे की हो!" मातीचीच राहीन न, का संगमरवर लावाव? पवनारले नेलं, धाम नदीच्या खडकावर बसवलं. म्हणे, "पाणी कुठाय?" आता एप्रिल महिन्यात नदी काय याच्यासाठी पुण्याहून पाणी मागवीन? केळझरले नेलं. म्हटलं, इवाईबुवा, हे जुनी एकचक्रानगरी, भीमानं बकासुर मारला तो इथंच. म्हणे, "पुरावा?" घ्या! बकासुराच्या मृत्यूचा दाखला कुठून आणू मी? मंग गिरडची टेकडी. तिथं जायफळासारखे गोटे सापडते, तिथल्या फकीरबाबाच्या बोलण्यानं व्यापाऱ्याचा माल दगड झाला म्हणते लोक. तिथं मात्र पुरावा नाई मागितला… चार गोटे चुपचाप रुमालात बांधले!

पण खरा घोळ जाग्याचा नाई, शब्दाचा. आपलं कसं हाय, पाहुणा येऊन राह्यला म्हणजे येत हाय, रस्त्यात हाय, हो का नाई? त्याइच्या पुण्यात येऊन राहिला म्हणजे आला, सामान ठेवलं, आंघोळ केली अन् मुक्काम ठोकला! पहिल्याच दिवशी आमच्या घरची सैपाकघरातून बोलली, "बसा, चहा येऊन राह्यला." तं हा माणूस टेबलाखाली पाहे, खिडकीत पाहे, "कुठं येऊन राहिलाय म्हणता?" संगं आलेल्या इहीणबाईनं तं उशीबी उचलून पाह्यली. मी हासलो. तवा हासाले नोको होतं, हे मले नंतर समजलं.

आता आष्टीचं सांगतो. माही माय मनकर्णाबाई आष्टीत राह्यते. आमी वर्ध्याजवळ सिंदी मेघ्यात घर केलं, तिले हजार डाव म्हटलं चाल, येतच नाई. बेचाळीसच्या नागपंचमीले आष्टीत काय झालं ते तुमाले काय सांगाव… गाव उठलं, ठाणं पेटलं, गोळ्या चालल्या. माहा बाप त्या दिवशी घरून गेला तो जेलात गेला, अन् जेलातच तापानं गेला. मी तवा पाळण्यात. मायनं तो दिवस आमाले इतक्या डाव सांगितला, इतक्या डाव सांगितला, का आमाले पाठ झाला. ती सुरू झाली का आमी हूं हूं करतो, अन् एक डोळा घड्याळीवर. तिले समजत नाई का? समजते. म्हणून तिले नवे कान पाह्यजे होते. मले म्हणे, "बापू, नलूच्या सासऱ्याले एक डाव आणजो. पाह्यासारखं काय हाय ते मले त्याइले सांगाचं हाय."

अन् भर उन्हाळ्यात तिनं कान्होले केले! नागपंचमीले आपल्याकडं चुलीवर तवा ठेवत नाई, म्हणून वाफेवरचे कान्होले. शेजारची रुख्माबाई म्हणे, "मनकर्णाबाई, एप्रिलात नाग निंगाले का वो?" तं माय म्हणे, "त्या दिवशी घरात हेच होतं. पाहुण्यालेबी हेच भेटीन."

तं चवथा दिवस. संध्याकाळी त्याइची पुण्याची गाडी, म्हणून सकाळीच वर्ध्याचा बसस्टँड गाठला. वासुदेवराव पाटी वाचाले गेले. म्हटलं, पाटीवर भरोसा नका ठेवू, डायवर लोक बदलत नाई, खिडकीवर विचारा. झाली न माहीच अक्कल माह्या अंगावर! मी गेलो मायसाठी संत्री घ्याले. एप्रिलात संत्री थोडी राह्यते, तं शोधाले टाइम लागला. इकडं वासुदेवराव खिडकीवर. "आष्टीची गाडी?" आतला माणूस मान वर न करता म्हणे, "येऊन राह्यली." संपलं! यानं मांगं पाह्यलं, एक गाडी मस्तपैकी उभी. येऊन राहिलेली! इहीणबाईले चढवलं, खिडकीची जागा धरली, अन् गाडी सुटली… पुलगावले!

अर्ध्या रस्त्यात कंडक्टरले म्हणे, "दोन आष्टी." तो म्हणे, "आष्टी? हे पुलगाव गाडी व्हय बुवा! आता उन्हात कुठं उतरता, पुलगावहून आर्वीची छोटी रेल्वे पकडा, आर्वीहून आष्टी जवळ हाय." पुलगावले उतरले, ठेसनावर विचारलं. काय सांगितलं असन? बरोबर! येऊन राह्यली! मंग दोघं निंबाखाली बसून रूळ पाहून राह्यले. वासुदेवरावच्या गळ्यात क्यामेरा. एक फौजी म्हणे, साहेब, इकडं फौजेचा दारूगोळ्याचा डेपो हाय, फोटो नका काढू. तं म्हणते, "फोटो काढण्यासारखं आहेच काय इथं!" दुपार कलली, तवा थकून वर्ध्याले वापस गेले, सामान उचललं, अन् पुणे.

हे सारं मले मांगून समजलं. तवा खिडकीवाला मले म्हणे, "पाहुणे बसून गेले न गाडीत." मले वाटलं आष्टीलेच गेले! मी घाईघाईत पुढची गाडी धरली.

पोचलो. माय ओट्यावर. धुतलेलं नऊवारी लुगडं, डोक्शाले तेल, बाजूले कान्होल्याचं टोपलं, वरून फडकं. मायनं माह्या मांगं पाह्यलं. मांगं कोणीच नाई.

"पाहुणे?"

काय सांगू? तोंडातून निंगून गेलं, "येऊन राह्यले, माय."

तशी ती हासली. दात नाई, सारं तोंड हासलं. म्हणे, "तुहा बापबी हेच म्हणून गेलता. ताटावरून उठला, अर्धा कान्होला तसाच. म्हटलं, खाऊन तं जा. म्हणे, झाकून ठेव, येऊनच राह्यलो."

भाऊ, हे मले ठाऊक नव्हतं. मले वाटे, मायची गोष्ट मले पाठ हाय… हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. का सांगितलं असन, अन् मी तवा घड्याळीकडं पाहून राह्यलो असन? लय वाईट वाटलं, खरं सांगतो. ती सिंदी मेघ्याले काऊन येत नाई, ते चाळीस वर्सांनं समजलं मले.

मंग मायनं फडकं काढलं. "खा. झाकून ठेवलेला कान्होला दुसऱ्या दिवशी खराब होते, मले ठाऊक हाय." अन् सांगाले लागली, पयल्यापासून. मी घड्याळ काढून खिशात टाकली अन् पाहुण्याच्या जागी बसलो.

आता तुमी म्हणसान, मंग वासुदेवराव आष्टीले आले का नाई कधी?

येऊन राह्यले न!