आम्हाला तुमची आठवण येते

...आणि वर मलाच म्हणतो, "दाजी, तुमचं गिऱ्हाईक परत येत नाही!" अहो, येईल कशाला? मी किल्लीवाला आहे. कुलूप दुरुस्त करतो, किल्ली बनवून देतो. तीस वर्षं त्याच कोपऱ्यावर, तेच टेबल, तीच कानस... म्हणजे कानशी झिजल्या, बदलल्या, टेबल तेच. आता माझ्याकडून कुलूप नेलेला माणूस आठ दिवसांनी परत दारात उभा राहिला, तर त्याचा अर्थ काय? माझं काम फसलं! परत आलं नाही म्हणजे काम चोख, एवढं साधं आहे, तुम्हाला सांगतो.

पण हे मेव्हण्याला कोण सांगणार? त्याने तीन दिवसांचा ऑनलाइन मार्केटिंगचा कोर्स केलाय. तीन दिवस! मला साधी कानस धरायला सहा महिने लागले होते. आला, माझी वेबसाइट काढली, माझा फोटो टाकला, त्यात मी शिंक येण्याच्या बेतात आहे, आणि मोबाइल नाकासमोर धरला. "हा तक्ता बघा, दाजी. परत येणारे ग्राहक, शून्य. लाल!" म्हटलं, शाब्बास, शून्यच पाहिजे. तर घरातून ही, म्हणजे त्याची ताई, "माझा भाऊ काही करायला गेला की तुमच्या पोटात दुखतं." संपलं. पुढे कोण बोलतो?

आता नीट ऐका हं, कारण माझा जीव इथे अडकलाय. दुकानात मागच्या भिंतीला अकरा खिळे आहेत. प्रत्येकावर एक किल्ली. नाव नाही, पत्ता नाही, फक्त नंबर. माणसं घराची जादा किल्ली माझ्याकडे ठेवून जातात! शेजाऱ्याकडे नाही, भावाकडे नाही, माझ्याकडे. एका रिटायर झालेल्या शाळेच्या बाईंची तर एकोणीस वर्षं आहे. कुणी विचारलं, काय कमावलंस, तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवायचो.

तर त्या दिवशी एका कुलपात किल्ली मोडून बसली होती, मी तिच्याशी झटतोय, आणि हा कानाशी... "दाजी, तुमच्या वहीतल्या नंबरांना एक मेसेज टाकू? तयार असतो, एका बटणाचं काम." म्हटलं, टाक बाबा काय टाकायचं ते. चूक माझीच! वाचायला नको होतं का? चारशे बारा नंबर. मेसेज केस कापणाऱ्यांसाठी बनवलेला, याने फक्त खाली माझं नाव चिकटवलं. काय होता? "आम्हाला तुमची आठवण येते! बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. तुम्हाला यायला जमत नसेल, तर काळजी नको, आम्हीच तुमच्या घरी येऊ. आपला किल्लीवाला." आणि शेवटी डोळा मारणारं तोंड!

किल्लीवाल्याने डोळा मारायचा? अहो, किल्लीवाल्याने?

पाच मिनिटांत फोन. औषधाच्या दुकानाचे मालक, एरवी किती हळू बोलणारा माणूस! "घरी येऊ म्हणजे... साधारण कधी? आम्ही असताना, की नसताना?" दुसरा म्हणतो, "आमच्याकडे काही नाही हो, जुना फ्रिज आहे फक्त." मी इकडे शपथा घेतोय, आणि मेव्हणा शेजारी आनंदाने नाचतोय. "अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी मेसेज उघडला, दाजी! असा प्रतिसाद भल्याभल्यांना मिळत नाही!"

आणि मग माणसं आली. भिंतीपाशी. "तसं काही नाही हो, सहज," म्हणत एकेकाने किल्ली उतरवली. दोन दिवसांत दहा खिळे रिकामे. बाई सगळ्यात शेवटी आल्या. म्हणाल्या, "माझा राग नाही तुमच्यावर. पण झोप लागेना." मी त्यांची किल्ली पुसून हातात दिली. त्या गेल्यावर टेबलाखाली डोकं घालून काहीतरी शोधायचं नाटक केलं मी. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

अकरावी किल्ली कुणाची? मेव्हण्याची! छाती फुगवून म्हणतो, "माझी राहू द्या, दाजी. माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर." मी उठलो, खिळ्यावरून काढली आणि त्याच्या खिशात कोंबली. म्हटलं, सांभाळ तुझी तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय, तर हा पायरीवर बसलेला. पायात घरातल्या चपला. "दाजी... दोन्ही किल्ल्या आत राहिल्या. दार ओढलं गेलं." गेलो. उघडून दिलं, करणार काय, बायकोचा भाऊ! घाम पुसत मागे वळतोय, तर हा उंबऱ्यात मोबाइलवर बोट फिरवतोय.

म्हटलं, आता काय?

"भरतोय, दाजी. परत आलेले ग्राहक... एक! बघा, झाला की नाही तक्ता हिरवा?"