बाबांच्या सायकलचे टायर

मुलांनो, डोळे मिटा आणि निगडीतलं एक सायकलचं दुकान डोळ्यांपुढे आणा. माझी सायकल दुरुस्त व्हायची वाट बघत मी बाकावर बसलोय. तेवढ्यात तुमच्याच वयाची स्वरूपा बारीक टायरची रेसिंग सायकल ढकलत आत येते आणि दुकानदाराला म्हणते,

"सयाजीकाका, रविवारपर्यंत नीट कराल? बाबा येणारेत."

"बघू दे. अगं, टायर मधे कोरा करकरीत आणि कडा एवढ्या चिरलेल्या? चालवतं कोण?"

"कोणीच नाही. मी रोज पुसते, टायरलाही तेल लावते."

"रबराला तेल?"

"बाबा कंपनीत मशीनला लावतात ना."

"मशीन लोखंडाचं, बाळा. रबराला तेल खातं. आणि हवा?"

"चालवायची नव्हती, म्हणून नाही भरली."

"मग सगळा भार कडांवरच आला की. गेले हे दोन्ही टायर. बाबा हल्ली दिसत नाहीत ते?"

"महाळुंग्यात असतात. कंपनीजवळ खोली घेतलीय."

"महाळुंगे काय लांब आहे का?"

"नाही. पण त्यांना रविवारी ओव्हरटाइम असतो."

"आत्ता तर म्हणालीस, रविवारी येणारेत."

"ते दर रविवारी येणारच असतात, काका."

"बरं. नवे टायर टाकतो. पण सायकल अशीच उभी राहिली, तर तेही जातील बघ. ती फिरती हवी."

स्वरूपा काकांच्या हातातला पाना घेते, सीटचा बोल्ट सैल करते आणि सीट आपल्या कमरेइतकी खाली आणते.