फितीची जागा

इराकच्या युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. ओहायोतल्या आमच्या गावात संसदेच्या मध्यावधी निवडणुकीसाठी शाळेच्या जिममध्ये रांग लागली होती. माझ्यापुढे वर्ना होती आणि तिच्यापुढे तिचा शेजारी लाइल. लढाईवरच्या सैनिकांना पाठिंबा म्हणून तेव्हा गाडीमागे पिवळ्या फितीच्या आकाराचं चुंबक लावायची पद्धत होती.

"लाइल, तुझ्या गाडीमागची पिवळी फीत कुठंय रे?"

"ती होय? गाडी धुताना पडली असेल. नुसतं चुंबक ते, किती टिकणार?"

"धुताना? गाडीवर बोटभर धूळ आहे तुझ्या, आणि फितीच्या आकाराची जागा तेवढी लख्ख. माझा पोरगा डेल लढाईवर निघाला त्या दिवशी तूच दोन आणल्या होत्यास. एक तुला, एक मला."

"काढली मी. लोक विचारायला लागले, अजून या युद्धाच्या बाजूचा आहेस का म्हणून. आणि रागावू नकोस वर्ना, आज मी युद्धाच्या विरोधात मत देणार आहे."

"मग दे की. मीही तेच देणार आहे."

"तू? मग तुझी फीत?"

"आहे जागेवर. डेल अजून तिथंच आहे ना. सरक पुढं, रांग हलली."

"फेकली नाहीये गं. डिकीत आहे."

"मला कशाला सांगतोस? सुट्टीवर आला की डेल दरवेळी तुझीच गाडी मागायला येतो. त्याला सांग."

मी मत देऊन बाहेर आलो. मागची फितीची लख्ख जागा कुणाला दिसू नये म्हणून माझी गाडी मी सकाळीच भिंतीला पाठ लावून उभी केली होती.