बाईंचा फळा अजून पुसलेला नाही

बसा मंडळी. मागे उभे आहेत त्यांनीही बसा, व्यायामशाळेची सतरंजी मोठी आहे. नगरसेवकसाहेब, तुम्ही मला चार शब्द बोलायला सांगितलंत. मला भाषण येत नाही. आमचं गिरणीतलं सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं, मशिनांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय.

मी पार्वती. याच चाळीत, तळमजल्यावर राहते. एकटी राहते. सुमतीबाईंच्या मोठ्या माणसांच्या वर्गात मी शिकले.

बाई मला कुठे भेटल्या सांगू? मोर्चात. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा ठाकूरद्वारवरून चालला होता. माझ्या हातात कोणीतरी फलक दिला होता. लालबागपासून तो उंच धरून मी चालत आले, पण त्यावर लिहिलंय काय ते मला ठाऊक नव्हतं. शेजारणीला विचारलं, तर तिलाही येईना. दोघी हसलो. तिथल्या एका वाडीच्या तोंडाशी एक बाई सगळ्यांना पाणी देत होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, एकेका अक्षरावर बोट ठेवून फलक वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "तुम्ही राहता कुठे?" दुसऱ्याच आठवड्यात त्या ट्रामने लालबागला आल्या. शाळेतून निवृत्त झालेली, आगापीछा नसलेली बाई. मग रोज संध्याकाळी येत राहिल्या. पाट्या, खडू, सगळं त्यांच्या पेन्शनीतून.

हा माझ्या मागे फळा आहे ना, तो आपल्या चाळीचा. पाणी येणार नाही, मिटिंग आहे, कोणी वारलं, सगळं यावर लिहायचं. संध्याकाळी तोच बाईंचा. वर्ग सुटताना बाई त्यावर एक प्रश्न लिहून जायच्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्याखाली आपल्या हाताने उत्तर लिहायचं. आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय फळा पुसायचा नाही. हा बाईंचा नियम. चाळकमिटीलासुद्धा त्यांनी तो पाळायला लावला होता!

मागच्या सोमवारी सकाळी बाई ठाकूरद्वारच्या वाडीत आपल्या खोलीत वारल्या. वाडीतून निरोप आला. आमच्या चाळकमिटीचे महादेवराव बातमी लिहायला ओला फडका घेऊन फळ्यापाशी गेले, तर वर्गातल्या बायका आडव्या आल्या. म्हणाल्या, बाईंचा प्रश्न आहे, उत्तरं व्हायची आहेत, पुसायचं नाही. रडत होत्या, पण हलल्या नाहीत. महादेवरावांनी फडका ठेवला आणि सगळी तशीच ठाकूरद्वारला धावली.

मी पहिल्या पाळीला होते. सुटून आले, फळ्याकडे बघितलं. बाईंचा प्रश्न होता. म्हणजे सगळं ठीक आहे. माझ्यासारखेच कितीतरी जण फळा बघून आपापल्या खोलीत गेले. मी घरात बसून उत्तराचा विचार करत राहिले, आणि तिकडे बाईंना नेलं. खांद्याला माणसं कमी पडली, वाडीतल्या दुकानदाराला बोलवावं लागलं. ज्या बाईने एवढ्या लालबागला वाचायला शिकवलं, तिच्यामागे चालायला मूठभर माणसं.

मी त्या बायकांना दोष देत नाही. मी असते तर मीही आडवी आले असते.

साहेब, आता तुम्हाला सांगते. बाईंची तसबीर लावू म्हणालात, नाक्याला नाव देऊ म्हणालात. द्या की. पण तसबीर बाराखडी शिकवत नाही. आम्हाला मास्तर द्या. सरकारच्या पगाराचा, कायमचा. मागे एकदा सरकारी वर्ग आला होता. आला, अक्षरं गिरवून घेतली, सर्टिफिकेट दिलं, गेला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही सगळं विसरलो. थकल्याभागल्या माणसाला रोज वाचायला बसवणारं कोणी लागतं, साहेब.

बाई त्यासाठी कचेरीत खेटे घालायच्या. एकदा मीही गेले होते. टेबलामागचा गृहस्थ म्हणाला, मुलांसाठी पैसा आहे, या वयात शिकून काय करायचंय? बाई म्हणाल्या, "कर घेताना वय विचारता का?" त्याने पंखा मोठा केला आणि दुसरा कागद ओढला.

राज्य झालं, तेव्हा आम्ही दोघी शिवाजी पार्कला रोषणाई बघायला गेलो होतो. बाई कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पार्वती, राज्य मराठीतून चालणार. वाचता न येणाऱ्यांना ते काय कळणार गं?" मी म्हटलं, चणे घ्या.

वर्ग सुटला की मी त्यांना ट्रामपर्यंत पोचवायला जायची. ट्राम लवकर येऊ नये असं मला वाटायचं. त्यांनाही वाटत असणार, कारण एखादी ट्राम त्या गर्दी आहे म्हणून सोडून द्यायच्या, आणि आत बघावं तर बाकं रिकामी. परवा मी तशीच थांब्यावर जाऊन उभी राहिले. दोन ट्रामा गेल्या. कंडक्टरने विचारलं, चढायचंय का? मी नाही म्हटलं.

बाईंचा शेवटचा प्रश्न तुम्हा सगळ्यांना दिसतोय. 'तुमच्या घरी कोण कोण आहे?' खाली सगळ्यांनी लिहिलंय. सासू, मुलं, दीर, गावचा पाहुणा. सखूने तर मांजरसुद्धा लिहिलंय. माझं तेवढं राहिलंय. मला ते लिहवत नव्हतं.

आज लिहिणार आहे. 'घरी कोणी नाही. संध्याकाळी वर्गात बाई असायच्या.'

ते झालं की नियमाप्रमाणे फळा पुसू, आणि महादेवराव त्यावर बाईंची बातमी लिहितील. उद्या संध्याकाळी त्या फळ्यापुढे कोण उभं राहणार, ते साहेब, तुम्ही सांगा. आत्ता नको. आधी सगळे उभे राहा. माझा हात सावकाश चालतो, जोडाक्षराला अडतो. माझं लिहून होईपर्यंत कोणी बोलू नका.