वाळूच्या ढिगाची उंची

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी शिक्षक, पालक बंधू-भगिनींनो, आणि खिडकीत चढून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो! तुम्ही आधी खाली उतरा, मग टाळ्या वाजवा.

मी या शाळेत गणित शिकवतो. थोडक्यात आटपा, असं मला बजावण्यात आलंय. कुणी बजावलं ते सांगत नाही. त्या इथेच बसल्या आहेत आणि घड्याळाकडे बघताहेत.

मघाशी पाहुण्यांनी आमच्या निकालाचा विषय हळूच टाळला. साहेब, संकोच कशाला? आमचा निकाल फलकावर मिरवण्यासारखा कधी लागलाच नाही. लागणार कसा? मोठ्या शाळा मुलं पारखून घेतात. आमच्याकडे येतात ती बांधकामावरच्या मजुरांची, गवंड्यांची, ट्रकचालकांची मुलं. वर्षाच्या मध्यात येतात आणि काम संपलं की निघून जातात. एका बाकावर तीन मुलं बसली, तर तिघांची घरची भाषा वेगळी. आधीच्या शाळेचा दाखला मागितला की बाप आईकडे बघतो आणि आई छताकडे. बाई म्हणायच्या, "दाखला येईल मागाहून. पोराला आधी बसायला जागा द्या."

बाईंची एक पद्धत होती. नव्या मुलाला आदल्या वर्षी नव्याने आलेल्या मुलाशेजारी बसवायचं, आणि त्याने याला शिकवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता.

एके वर्षी दहावीत एका गवंड्याची थोरली मुलगी होती. पोरं तिला 'मास्तरीण' म्हणायची. मधल्या सुट्टीत ती अर्ध्या वर्गाला घेऊन शाळेमागच्या वाळूच्या ढिगावर जायची आणि वडिलांच्या टेपने शंकूचं घनफळ शिकवायची. मला केवढं कौतुक! परीक्षा झाली, आणि अर्ध्या वर्गाने ते गणित चुकवलं. तेही अगदी एकसारखं! शंकूची सरळ उंची घ्यायची, तिथे सगळ्यांनी तिरकी घेतली. परीक्षा मंडळाला दुसरं काय वाटणार? सामूहिक कॉपी! अख्ख्या वर्गाचा निकाल राखून ठेवला.

गवंड्याचं इथलं काम संपलं होतं, बिऱ्हाड हलायच्या बेतात होतं. तो बाईंसमोर उभा राहिला. "बाई, गुणपत्रिका हातात नसली तर पुढच्या ठिकाणी हिला कोण घेणार? मग माझ्याबरोबर पाट्याच उचलेल ही."

चौकशीला मंडळाचे एक साहेब आले. बाई त्यांना म्हणाल्या, "उत्तर विचारू नका. असं का केलंत, ते एकेकाला विचारा."

एकेक पोरगं आत जाऊ लागलं. प्रत्येकाने हवेतच ढीग उभा केला, टेपचं टोक वर धरलं आणि ढिगाच्या अंगावरून खाली सोडलं. "ही उंची, साहेब." पुढचाही तेच. त्याच्या पुढचाही तेच. साहेबांनी हळूच पेन खाली ठेवलं. शेवटी मास्तरीण आत गेली ती रडतच. "साहेब, मीच असं शिकवलं. माझा निकाल ठेवा, त्यांचा सोडा."

साहेबांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला. मग म्हणाले, "चूक आहे. पण तुमची स्वतःची आहे."

बाई म्हणाल्या, "मग गुण कापा आणि निकाल द्या."

निकाल आला. मास्तरीण पास झाली, पण शाळेची टक्केवारी तळाला गेली. मी सुतकी चेहरा करून फिरत होतो, आणि बाई मात्र गुणगुणत होत्या. मला त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

बिऱ्हाडाचा ट्रक निघाला तेव्हा आम्ही दोघं फाटकात उभे होतो. बाई एकदम म्हणाल्या, "सर, ही जाईल तिथे पोरं गोळा करून शिकवणार. हिला बरोबर रीत सांगितलीत ना?"

गडबडीत राहून गेलं होतं.

"मग बघताय काय? पळा!"

मी पळालो. भर रस्त्यात, ट्रकच्या मागे, "सरळ उंची! तिरकी नाही, सरळ घ्यायची!" असं ओरडत. गाद्यांच्या वळकट्यांवर बसलेली ती पोरगी कानामागे हात धरून ऐकत होती. तिने वाकून ओरडून विचारलं, "पण सर, ढिगाच्या आत टेप घालायची कशी?"

आणि ट्रक वळला.

मी धापा टाकत परत आलो. बाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

म्हटलं, "सांगितलं. पण तिने उलट मलाच प्रश्न विचारला."

बाईंचे डोळे भरून आले होते, तरी त्या हसल्या. म्हणाल्या, "मग लागला की आपला निकाल!"

बाई, इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली. आता तुमच्याशिवाय या फाटकातून आत यायचं माझ्या जिवावर येणार आहे. संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर गणिताचा मास्तर भाषणात कच्चा, असं समजून पोटात घाला. नमस्कार.