ओट्यावरचा बोर्ड

“गाडी घरूनच चार्ज करून निघत जा,” असं नवऱ्याने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बुधवाऱ्याजवळच्या नव्या चार्जिंग स्टेशनवर रांगेत बसले होते. पुढच्या गाडीतला तरुण निंबोल्याला राहणाऱ्या आईशी बोलत होता, फोन स्पीकरवर ठेवून.

“माय, इथं चाळीस मिनिटांत होऊन जाते चार्जिंग. आता तुझ्याकडे लावायची जरूरत नाही.”

“म्हणजे येणार नाहीस?”

“येईन ना. उभ्या उभ्या भेटून निघेन.”

“आधी चार घंटे लागायचे. जेवायचास, मग घोरत पडायचास.”

“तूच म्हणायचीस, माझ्या घोरण्यानं मांजर पळते.”

“पळू दे. निरंजन, काल मी बाहेरच्या ओट्यावर नवा बोर्ड बसवून घेतला, जाड तारेचा. खिडकीतून वायर ओढायला नको तुला.”

“सांगितलं नाहीस.”

“येशील तेव्हा दिसेलच, म्हटलं.”

“जेवायला काय आहे?”

“तू सांग, ते करते.”

त्याने गाडी रांगेतून बाहेर काढली.

“ताई, माझा नंबर तुम्ही घ्या.”

“बॅटरी किती उरलीय?” मी विचारलं.

“अकरा टक्के. पोहोचतो आरामात.”

त्या वाटेवर मला तरी कुठे चार्जिंग दिसलेलं नाही. तुम्ही निंबोल्याच्या बाजूला असाल, तर निरंजन घरी पोहोचला का, तेवढं बघाल?