भाऊंचा कॉम्प्युटरवरचा संशय

आमच्या भाऊंचा कॉम्प्युटरवर पहिल्यापासून संशय. भाऊ म्हणजे माझे मालक, आंब्याचे व्यापारी. तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटर बघायला माणसं चपला बाहेर काढून यायची.

आंब्याच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मी त्यावर छापायचो. ऐन मोसमात मशीन बदललं, ते चालवणारी डॉस नावाची यंत्रणाही नवी आली आणि चिठ्ठ्यांचा जुना प्रोग्राम चालेना. दारात ट्रक खोळंबलेला. मुंबईहून मेकॅनिक आला, तर भाऊ त्याच्या हातांवर नजर ठेवून बसले.

"जुन्यावर चालत होता की. तुम्हीच काहीतरी केलंत."

"नाही हो. हा प्रोग्राम आधी विचारतो, डॉस कुठलं? नवं म्हटलं की अडून बसतो. आता मी असं केलंय, की नवं डॉस त्याला सांगेल, मी जुनंच आहे."

प्रिंटर खरखरायला लागला. भाऊ मात्र आणखीच गंभीर झाले.

"म्हणजे नाव एकाचं आणि आत माल दुसराच. ज्याला ही सवय, तो आमच्याशी खरं वागेल कशावरून?"

त्या दिवसापासून छापलेली एकेक चिठ्ठी भाऊ चष्मा लावून तपासायचे. 'अस्सल हापूस' बरोबर उमटलंय ना, हे बघून मगच ती पेटीवर चिकटवायचे.

पेटीचा खालचा थर मात्र त्यांनी कधी कोणाला बघू दिला नाही.